आपल्या एका बहिणीचा मुलगा

सुबोधला क्लासमधून काढलं ते एप्रिलमधल्या एका मंगळवारी. काढलं, असं कुणी म्हटलं नाही. क्लासचे मालक शरच्चंद्र सर त्याला आतल्या खोलीत बसवून म्हणाले, "दहावीची सुट्टीतली बॅच सध्या दुसऱ्या कुणाला तरी देऊ. तू जरा आराम कर. तब्येत महत्त्वाची."

"माझ्या तब्येतीला काय झालंय, सर?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. "आमच्या मिसेसना कळलं. चर्चच्या भगिनी मंडळात तुझ्यासाठी प्रार्थना झाली म्हणे. आम्हीही करतोच आहोत. पण उद्या पालकांच्या कानावर गेलं तर मी त्यांना काय सांगू?"

सुबोध घरी आला आणि पंखाही न लावता बाहेरच्या खोलीत बसून राहिला. त्याची आई प्रेमला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. ती संध्याकाळी दारातून आत आली, चपला काढल्या, डब्याची पिशवी ठेवली, आणि मगच तिला तो दिसला. शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे भिंतीकडे.

"लवकर आलास? पंखा तरी लाव की रे."

"आई, तू कुणाला सांगितलंस?"

काय सांगितलं, हे तिला विचारावं लागलं नाही. त्या घरात सांगू नये अशी एकच गोष्ट होती.

तीन वर्षांपूर्वी सुबोध पुण्यात नोकरीला असताना आजारी पडला होता. ताप नाही, खोकला नाही. झोप गेली, जेवण गेलं, मग अंघोळ आणि ऑफिसही गेलं. एका दुपारी त्यानं फोन करून एवढंच म्हटलं, "आई, ये. मला एकट्याला ठेवू नकोस." ती अंगावरच्या साडीनिशी एसटीत बसली. तिनं त्याला दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, काही दिवस तिथं ठेवलं आणि मग सोलापूरला घेऊन आली. येताना बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं टेकून त्यानं तिला सगळं सांगितलं. कुठल्या गच्चीवर जाऊन उभा राहायचा, मनात काय काय यायचं, काहीच मागं ठेवलं नाही. टेंभुर्णी गेल्यावर म्हणाला, "हे तुझ्यात आणि माझ्यात. कुणाला म्हणजे कुणालाच नाही." तिनं त्याचा हात धरून हो म्हटलं होतं.

गोळ्या चालू होत्या, झोप परत आली होती. दीड वर्षापासून तो गणित शिकवत होता आणि मुलांना तो आवडायचा. घरात पुन्हा त्याची शीळ ऐकू यायला लागली होती.

"फक्त इंद्रायणीताईंना," प्रेमला म्हणाली. "तेही प्रार्थनेसाठी. दुसऱ्या कुणाला नाही, देवाशप्पथ."

"देवाची शपथ नको घेऊस," सुबोध म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. उठला, आतल्या खोलीत गेला, आणि दार लावून घेतलं.

*

इंद्रायणीताई निवृत्त शिक्षिका. रंगभवनच्या मागं त्यांचं घर. प्रेमलाचा नवरा गेला तेव्हा सुबोध पाचवीत होता. सगळे नातेवाईक माती झाल्यावर आपापल्या गावी गेले, आणि इंद्रायणीताई रोज शाळा सुटल्यावर येऊन बसू लागल्या. सुबोध त्यांना मावशी म्हणायचा. त्याचं गणित त्यांनीच पक्कं करून घेतलं होतं.

आणि रोज सकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. प्रेमला फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायची. तिकडून ताई शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, त्या दिवसाचा भाग वाचायच्या, मग त्याचा अर्थ सांगायच्या, मग प्रार्थना. इकडं भाकरी थापणं चालू. प्रेमला नववीपर्यंत शिकलेली. तिला वाचता येत होतं, पण शास्त्र म्हणजे आपल्यासारखीनं एकटीनं उघडायची गोष्ट नव्हे, असं तिच्या मनात बसलं होतं. ताई वाचायच्या तेव्हा देव त्या फोनमधूनच बोलतोय असं तिला वाटायचं. पुण्याहून आल्यानंतरच्या एका सकाळी ताईंनी विचारलं होतं, "प्रेमला, आवाज असा का? काही आहे का मनात?" तेव्हा तिला रडू फुटलं. आणि तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

सुबोधनं दार लावल्यावर ती तशीच उलट पावली निघाली. रिक्षा करून रंगभवनला आली. इंद्रायणीताई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"जय ख्रिस्त. अगं, या वेळेला?"

"ताई, तुम्ही मंडळात सुबोधचं सांगितलंत?"

ताईंनी झारी खाली ठेवली. "सांगितलं म्हणजे काय? प्रार्थनेची विनंती ठेवली. गेल्या शुक्रवारी सगळ्या आपापलं ओझं मांडत होत्या, तेव्हा मला आतून वाटलं. आणि मी नाव घेतलं नाही हं. एवढंच म्हटलं, आपल्या एका बहिणीचा मुलगा आहे, क्लासमध्ये गणित शिकवतो, त्याच्या मनाच्या दुखण्यासाठी प्रार्थना करा."

"मंडळात गणित शिकवणारा मुलगा कुणाकुणाचा आहे, ताई?"

इंद्रायणीताईंनी ओले हात पदराला पुसले.

"त्याचं काम गेलं," प्रेमला म्हणाली. "शरच्चंद्र सरांच्या मिसेस होत्या ना तिथं."

"अरेरे. हे मात्र वाईट झालं." ताईंनी तिच्या दंडाला हात लावला. "पण तू असं बघ. मी गप्पांमध्ये नाही सांगितलं. प्रार्थनेत सांगितलं. वीस बायकांनी त्याच्यासाठी गुडघे टेकले, हे वाया जाईल का? देव यातूनही काहीतरी चांगलं..."

प्रेमलानं दंड सोडवून घेतला. तिला मारावंसं वाटलं. आयुष्यात कुणाला मारावंसं तिला क्वचितच वाटलं असेल. ती फाटकाबाहेर आली आणि सात रस्ता चौकापर्यंत चालत गेली. रडू येत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला. तिनं उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन वाजून वाजून थांबायचा आणि स्वयंपाकघर इतकं शांत व्हायचं की तव्यावर भाकरी फुगल्याचाही आवाज यायचा. रविवारी ती उपासनेला गेली नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी माणूस पाठवून चौकशी केली. तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सुबोध तिच्याशी बोलायचा, नाही असं नाही. पाणी आलं, गॅस संपत आलाय, एवढं बोलायचा. जेवायला मात्र एकत्र बसत नव्हता. ताट घेऊन आत जायचा. त्यानं गोळी घेतली की नाही, हे ती दाराच्या फटीतून बघायची. एकदा त्यानं ते पाहिलं. "घेतो आहे," तो म्हणाला. "भीती वाटत असेल तर माझ्यासमोर ये, पण असं चोरून बघू नकोस."

कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर काशम्मा बसायची. दोघी टॉवेलच्या कडा शिवायच्या. काशम्मा घरी तेलुगू बोलायची आणि कारखान्यात सोलापुरी मराठी. तिचा देव वेगळा, पण प्रेमलाच्या देवाची ती नियमानं विचारपूस करायची.

"काय वो ताई, डबा तसाच परत नेताय की रोज. तुमचा देव उपास करायला सांगितला काय?"

"देवाचं नाव नको काढूस," प्रेमला म्हणाली. "मी त्याला विश्वासानं सांगितलेलं सगळ्या गावाला कळलं."

काशम्मानं मशीन थांबवली. "त्यानं सांगितला? का त्याच्या मानसानं?"

"एकच ते."

"एकच कसं काय? माझी जाऊ माझी चुगली केली तर मी मारुतीला शिव्या घालू काय?" असं म्हणून तिनं स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी प्रेमलाच्या भाकरीवर घातली. "खा बगू. मग भांडा कुनाशी भांडायचंय ते."

प्रेमलानं चार घास खाल्ले. त्या वेळी तरी तिला काशम्माचं म्हणणं पटलं नव्हतं.

*

शास्त्र तिनं उघडलं ते काही भक्तीनं नाही. एका सकाळी फोन वाजलाच नाही. इंद्रायणीताईंनीही करायचं सोडलं होतं. सहा वाजून गेले, भाकऱ्या झाल्या आणि तिला अचानक वाटलं, आता हे पुस्तक कपाटात तरी कशाला दिसायला हवं? ट्रंकेत टाकावं. तिनं ते काढलं तर मधे सुतळीची खूण होती. दोघी क्रमानं स्तोत्रं वाचत आल्या होत्या आणि तिथं थांबल्या होत्या. पुढचं पंचावन्नावं.

ती उभ्या उभ्याच अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागली. हळू, पुटपुटत, मुलं वाचतात तसं.

लिहिणारा सुरुवातीलाच देवाला विनवत होता की तोंड फिरवू नकोस. त्याचं काळीज आतल्या आत पिळवटत होतं. कबुतरासारखे पंख असते तर उडून कुठंतरी रानात जाऊन राहिलो असतो, असं तो म्हणत होता. प्रेमलानं पाट ओढून घेतला आणि खाली बसली. पुढं त्यानं सांगितलं की वैऱ्यानं हे केलं असतं तर मी सोसलं असतं. पण हे करणारा तू, माझ्या बरोबरीचा, माझ्या ओळखीचा, ज्याच्याशी मी गोड बोलायचो, ज्याच्या संगतीनं देवाच्या घरी जायचो.

ती तिथंच थांबली. ती ओळ तिनं पुन्हा वाचली. आठवडे झाले होते आणि तिचं दुःख तिला नेमकं सांगता येत नव्हतं, ते इथं कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. ती पदर तोंडाला लावून रडली.

त्याच्याच पुढं एक ओळ होती. अशा लोकांना मरण गाठो, ते जिवंतपणीच अधोलोकात जावोत. हे वाचून तिला धक्का बसला. इंद्रायणीताईंनी असलं कधी वाचून दाखवलं नव्हतं, की वाचलं आणि वरून काही गुळगुळीत सांगून पुढं नेलं, कोण जाणे. शास्त्रात असं म्हणायची मुभा आहे? तिनं आजूबाजूला बघितलं, जणू कुणी ऐकेल. मग ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "देवा, मला तिचा फार राग आलाय. आणि तुझाही."

काही झालं नाही. वरून काही कोसळलं नाही. खालच्या नळावर बायकांचं भांडण चालू होतं आणि ते तसंच चालू राहिलं. पण तिला बऱ्याच दिवसांनी असं वाटलं की आपण कुणाशी तरी बोललो.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचायचं, तर ती पुन्हा पंचावन्नाव्यावरच आली. तिसऱ्या दिवशीही. तिला घाई नव्हती. कधी चारच ओळी वाचायची आणि त्याच घेऊन दिवसभर टॉवेल शिवायची. संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी मी कण्हतो आणि तो ऐकतो, असं त्यात होतं. दुपारच्या सुट्टीत ती कारखान्याच्या मागच्या कडुलिंबाखाली बसायची आणि तक्रार करायची. ताईंची, सरांची, सुबोधच्या बंद दाराची. मधे कुणी अर्थ सांगायला नव्हतं. एखादी ओळ कळायची नाही, तर ती देवालाच विचारायची आणि उत्तर नाही आलं तर सोडून द्यायची. आपल्याला हे जमतं, याचं तिला नवल वाटत होतं.

आणि मग एका सकाळी तीच ओळ वाचताना ती अडखळली. माझ्या ओळखीचा, ज्याच्याशी मी गोड बोलायचो. तिला इंद्रायणीताई आठवल्या नाहीत. तिला बस आठवली. खांद्यावरचं सुबोधचं डोकं, त्याचे न धुतलेले केस, खिडकीतून येणारं ऊन. त्यानं सगळं उघडून तिच्या हातात दिलं होतं. हे स्तोत्र आतल्या खोलीत झोपलेला मुलगा वाचत असता, तर त्यातला 'तू' कोण असता?

तिनं पुस्तक मिटलं. त्या दिवशी तिला तक्रार सुचली नाही. कारखान्यात दोन वेळा तिची सुई मोडली.

*

संध्याकाळी तिनं सुबोधचं दार वाजवलं. तो पलंगावर बसला होता, मांडीवर वही, कागदावर कसली तरी समीकरणं. क्लास नव्हता तरी तो सोडवत बसायचा.

"समोर येऊन बोलते," ती म्हणाली. "तूच म्हणालास, चोरून बघू नकोस."

त्यानं वही बाजूला ठेवली. ती जमिनीवर बसली.

"मी प्रार्थनेसाठी सांगितलं असं परत म्हणणार नाही. ते अर्धं खरं होतं. मला पेलवत नव्हतं म्हणून सांगितलं. कुणीतरी मला म्हणावं, प्रेमला, किती सोसतेस. म्हणून सांगितलं. गोष्ट तुझी होती आणि मी ती माझी समजून देऊन टाकली. इंद्रायणीताईंनी जे केलं ते नंतर. आधी मी केलं. मला माफ कर असं म्हणायला आलेय. करशील न करशील."

सुबोधनं बाजूला ठेवलेली वही मिटली. मग म्हणाला, "तुला पेलवत नव्हतं हे मला माहीत होतं. मला पण तुझं वाईट वाटायचं. पण आई, तू देवालाच का नाही सांगितलंस? देवाला मावशीच्या फोनवरूनच जावं लागतं का?"

"मला वाटायचं जावं लागतं," ती म्हणाली. "आता नाही वाटत."

तो थोडंसं हसला, किंवा तिला तसं वाटलं. त्या रात्री तो ताट घेऊन बाहेर आला नाही. त्यानंतरही दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि आमटीत मीठ कमी आहे असं म्हणाला.

त्या आठवड्यात तिनं त्याला विचारलं, "मी मंडळात जाऊन बोलू का? तू नको म्हणालास तर नाही."

"माझ्याबद्दल एक शब्द नको."

"नाही."

"मग तुझ्याबद्दल काय बोलायचं ते बोल."

शुक्रवारी ती कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन भगिनी मंडळात गेली, तिथं पंधरावीस बायका होत्या. इंद्रायणीताई नेहमीच्या खुर्चीवर. शरच्चंद्र सरांच्या मिसेस दुसऱ्या रांगेत, त्यांनी प्रेमलाला पाहून लगेच गीतांचं पुस्तक उघडलं. विनंत्या मांडायची वेळ आली तेव्हा प्रेमला उठली.

"बहिणींनो, माझ्या जवळच्या माणसानं मला विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. ती मी दुसरीकडं सांगितली आणि त्याला प्रार्थनेचं नाव दिलं. त्याचं नुकसान झालं. चूक माझी आहे. एकच मागणं आहे. इथून पुढं माझ्या घरच्या कुणासाठी इथं प्रार्थना करू नका. करायचीच असेल तर आपापल्या घरी करा, दार लावून, देवाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात."

कुणी आमेन म्हटलं नाही. ती खाली बसली.

बाहेर चपला घालताना इंद्रायणीताई तिच्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस, प्रेमला."

"तुमचं नाव नाही घेतलं मी, ताई."

हे तिच्या तोंडून गेलं आणि त्यात तिला गोडी वाटली. लगेच लाजही वाटली. इंद्रायणीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीस वर्षांत प्रेमलानं ते पहिल्यांदाच पाहिलं.

"मी मदत करतेय असंच मला वाटलं होतं गं."

"मलाही तसंच वाटलं होतं," प्रेमला म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तेव्हा."

इंद्रायणीताईंनी छत्री उघडली, ऊन फार होतं, आणि त्या रंगभवनच्या दिशेनं गेल्या. आता दोघी रविवारी चर्चच्या दारात भेटल्या की जय ख्रिस्त म्हणतात. त्यापुढं अजून गेलेलं नाही.

शरच्चंद्र सरांनी सुबोधला परत बोलावलं नाही. जूनमध्ये त्याला जुळे सोलापूर भागातल्या एका क्लासमध्ये काम मिळालं. पहिल्याच दिवशी त्यानं तिथल्या मॅडमना स्वतः सांगितलं की मी अमुक आजारासाठी गोळ्या घेतो. घरी येऊन त्यानं हे आईला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"तू सांगितलंस?"

"माझं होतं ना सांगायचं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्रिकोणमिती शिकवाल का. आधीचे सर ती नीट शिकवत नव्हते."

कारखान्यात काशम्माला ही बातमी कळली तेव्हा तिनं सगळ्यांना चहा पाजला. मशीनवर परत बसताना तिनं विचारलं, "मग ताई, त्या बाईला माफ केलात काय?"

प्रेमलानं टॉवेलची कड दुमडली. "नाही अजून."

"देवाला काय सांगताय मग?"

"तेच सांगते. अजून नाही जमलं म्हणून. रोज सांगते."

"आनि तो?"

"ऐकतो की."

काशम्माला हे पुरेसं वाटलं असावं, तिनं मशीन सुरू केली. प्रेमला अजूनही सकाळी सहाला पाटावर बसते. काही दिवस ओळी नुसत्या अक्षरं राहतात, काही दिवस एखादी ओळ दिवसभर पुरते. राग कधी कधी आधीइतकाच ताजा होऊन येतो, विशेषतः रविवारी, तेव्हा ती पुन्हा ते जुनं पान उघडते. पण जुलै लागल्यावर एका सकाळी तिनं सुतळीची खूण उचलली, पान उलटलं आणि छप्पन्नावं वाचायला घेतलं.